माझ्या पोटातला लव्हाळा

मी गच्चीवरचा रंगाचा डबा बोलतोय. शपथेवर सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. एके काळी माझ्या पोटातल्या निळ्या रंगाने अख्खं आकाश रंगवलं होतं. बरं, आकाश नाही, दवाखान्याच्या दोन खोल्या. तेवढं सोडा, पुढचं सगळं खरं.

रंग संपला तसं खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मला उचललं. तापल्या सळईने माझ्या प्लास्टिकच्या बुडाला भोकं पाडली, आपल्या आईच्या अंगणातली माती भरली आणि आईच्याच गुलाबाची फांदी लावली. आई गेली होती, घर विकलं होतं. माहेर म्हणून उरलं ते एवढंच, माझ्या पोटात.

मातीबरोबर लव्हाळा आला. चिवट गवत. बाई कात्रीने छाटायच्या, चार दिवसांत पाती पुन्हा माझ्या काठावर. उपटायला गेल्या, तर पातं हातात आणि गाठ खाली तशीच. एका दिवसात हातभर वाढायचं, मी मोजलंय. बरं, बोटभर.

नवरा चिडवायचा, "अगं, तू गवतच पाळलंयस. गुलाब चुकून उगवलाय त्यात."

"गप्प बसा हो. हात लावू नका कशालाही."

एका सकाळी लव्हाळा जावा म्हणून बाईंनी गुलाब बाजूला काढून सगळी माती पिठाच्या चाळणीने चाळली. वर काळे, टणक खडे राहिले. "आईच्या अंगणातले आहेत," म्हणत त्यांनी ते धुतले, पुसले आणि पाणी नीट निचरावं म्हणून माझ्या बुडाशी अंथरले. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, बाई, खडे नाहीत ते! पण डब्याचं कोण ऐकतं?

महिन्याभरात लव्हाळा बुडाच्या भोकांतूनही बाहेर आला. मला उभी चीर गेली. गुलाबाची पानं पिवळी पडून गळू लागली. बाईंनी रोपवाटिकेतल्या काकांना बोलावलं. त्यांनी एक खडा नखाने फोडला. आत पांढरा गर.

"वहिनी, या लव्हाळ्याच्या गाठी. तुम्हीच पेरल्यात की हो! ही माती टाका, नाहीतर गुलाब गेला."

"माती नाही टाकायची."

"मग गुलाबाला डोळे भरून बघून घ्या."

तीन दिवस बाई गळलेली पानं वेचत राहिल्या. चौथ्या दिवशी नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हीच करा. मला नाही बघवायचं."

त्याने बादलीत एकेक मूळ धुतलं, गुलाब नव्या कुंडीत, नव्या मातीत लावला. माहेरची माती पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकून आला. परत वर येऊन मला उपडं करताना पुटपुटला, "खाली दोरा न ओवताच मशीन चालवतेय वेडी."

आता मी टाकीमागे उपडा पडलोय. परवा माझ्या चिरेतून एक हिरवं पातं निघालं. हात जोडतो, मला भंगारात द्या, जाळा, पण त्या कुंडीच्या जवळपास ठेवू नका.

गुलाब? सावरला की. पाच कळ्या आल्या, बाई हसल्या.

छे. कळ्या मी रचल्या, हसूही. उपड्या डब्याला काय दिसणार? रोज सकाळी बाईंची पावलं जिना चढतात, कुंडीपाशी बराच वेळ थांबतात आणि खाली जातात. तेवढंच खरं.