देवरावचा मुदगल

"मुदगल तर तोच राहते, मग एखाद्या दिवशी जड काहून लागते?"

लहानूच्या या प्रश्नाचं उत्तर त्याला कधी कोणी दिलं नाही. मी तोच मुदगल, व्यायामाचा लाकडी सोटा, बोलतोय. आता भिंतीला टेकून असतो. कोणी मला उचललंच, तर बोलत बोलत उचलावं, एवढंच मागणं. का, ते ऐका.

पूर्वी मी खाप्याजवळ, कन्हान नदीच्या काठी बाभूळ होतो. सुताराने मला तासून खाली जाड, वर मुठीत मावेल इतकं बारीक केलं. देवरावने मला नागपुरात आणलं. तो गिरणीत कामाला होता. पहाटे अंगणात तो मला खांद्यामागून फिरवी, तेव्हा वारा घुमे आणि मी पुन्हा फांदी होई.

धाकट्या भावाला, लहानूला, त्यानेच शिकवलं. शाळा सोडलेला, भडक डोक्याचा पोरगा. एकदम जोर लावायचा. देवरावची रीत न्यारी होती. मुदगल फिरवताना उंबऱ्यावर बसलेल्या मायशी, भीमाबाईशी, बोलत राहायचं.

"गाणं म्हणता आलं, तर अंगचोरी करून राहिला समज. शब्द तुटत निघाले, तर बराबर. बोलणंच बंद पडलं, तर ठेव खाली."

"अन् मायच बोलत सुटली तं?"

"मंग दिवसभर फिरव गा!"

"मेल्यांनो, चहा थंडा होऊन राहिला!"

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात काविळीने देवरावला नेलं.

लहानू मला मुक्यानेच फिरवू लागला. बोलणंच नाही, तर थांबायचं कधी? तळहात फुटले, डोळ्यांपुढे अंधारी येई, तरी तो मला सोडेना. एकदा अंगणातच कोसळला.

दुसऱ्या पहाटे भीमाबाई उंबऱ्यावर येऊन बसली. देवराव गेल्यापासून ती तिथे बसली नव्हती.

"बोल गा, लहानू."

"काय बोलू?"

"काही बी. एक लेक गेला. तुहा बी आवाज बंद झाला, तं मी कोणाले हाक मारू?"

त्याने मला उचललं. धुक्यात वारा घुमला.

"माय, दादा... गिरणीतून येताना... चणे आणे... तुह्यासाठी..."

शब्द तुटत निघत होते. बराबर.

"माय... आज हा इतका जड काहून..."

आवाज अडकला. दम अजून बाकी होता. त्याच्या मुठीतून मला कळत होतं. पण बोलणं बंद पडलं होतं.

लहानूने मला हलकेच खाली ठेवलं.