ट्रम्पेटवरचा पोचा

बन्सी लोहाराने आणखी एक घाव घातला आणि ट्रम्पेटच्या तोंडाला केसाएवढी चीर पडली. समोर बसलेल्या रंभाजीने ट्रम्पेट ओढून घेऊन छातीशी धरलं. ते बघून बन्सीची पाचावर धारण बसली.

ट्रम्पेट टेम्पोतून पडून चाकाखाली चेपलं होतं. जयंतीची मिरवणूक आठवड्यावर आलेली, आणि बौद्धवाड्याच्या बँडकडे हे एकच ट्रम्पेट, तेही रंभाजीचे वडील, दादा, वाजवायचे ते. "हात्तीच्या, ठोकलं की सरळ," असं बन्सी मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता. उभा जन्म नांगराचे फाळ ठोकण्यात गेला, पण पितळेपुढे त्याचं काही चालेना. शेवटी लाज गिळून तोच रंभाजीला नेवाशाला, सहादेव तांबटाकडे घेऊन गेला.

सहादेवने चिरेवरून बोट फिरवलं.

"थंडंच ठोकलंत ना? पितळ मार खाऊन ताठतं, मग फुटतं. आदी तापवाय लागतंय."

त्याने सांध्यांवर ओली फडकी गुंडाळली आणि दुकानाचं दार लोटून घेतलं. उजेडात रंग कळत नाही म्हणाला.

अंधारात भात्याची धाप तेवढी ऐकू येत होती. पितळ आधी काळवंडलं, मग आतूनच कुठून तरी त्याला लाली चढली. लाल लोखंड बन्सीने रोज पाहिलं होतं. पण ही लाली इतकी नाजूक होती की तो श्वास घ्यायचा विसरला. सहादेव ट्रम्पेट पाण्याच्या बादलीकडे नेऊ लागला, तसा तो भानावर आला.

"आवो, पान्यात नगा घालू. लाल लोखंड पान्यात घातलं की कडक व्हतं. ह्ये तर आदीच चिरलंय."

"लोखंडाचं लोखंडाला," सहादेव म्हणाला.

चर्र झालं. वाफ निवल्यावर त्याने ट्रम्पेट बन्सीच्या हातात दिलं.

"दाबा आंगठ्यानं."

बन्सीने भीत भीत दाबलं. काठ कणकेसारखा वाकला. तीच आग, तेच पाणी. लोखंड ज्याने हट्टाला पेटतं, त्यानेच हे मऊ झालं होतं. साठी जवळ आली तरी आपल्याला विस्तवातलं काही कळलेलं नाही, याचं त्याला नवल वाटलं, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं. त्याने पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"आता तुमीच ठोका, हलक्या हातानं," सहादेवने लाकडी हातोडा पुढे केला. "चिरेला मी डाग देऊन सांधतो मागनं."

आत लोखंडी दांडा धरून बन्सी ठोकत गेला. एकेक पोचा निघत गेला. डाव्या अंगाच्या खोल पोच्याकडे तो वळला, तसा रंभाजीने त्यावर आंगठा ठेवला.

"एवढा ऱ्हाऊ दे."

"का रं?"

"ह्यो चाकाचा न्हाई. गावात पयली जयंती काढली, तवा वेशीत दगड आला हुता. दादा वाजवायचे थांबले न्हाईत. मंग ह्यो पोचा कुनाला काढू बी दिला न्हाई."

बन्सीचं दुकान वेशीलाच होतं. तीस वर्षं रंभाजी तिथे चहाला येत होता आणि हे एकदाही बोलला नव्हता. पोच्याला धक्का लागू नये म्हणून बन्सी बाजूबाजूने, जपून ठोकत राहिला.

जयंतीला मिरवणूक वेशीत आली तेव्हा बन्सी भात्यापाशी होता. दरवर्षी तो तिथूनच बघायचा. ट्रम्पेटचा सूर चढला. उतरत्या उन्हात पितळ झळझळत होतं, आणि त्यात तो एक पोचा काळा दिसत होता.

बन्सीने फाळ विस्तवातच सोडला. धोतराला हात पुसत तो गर्दीत शिरला आणि रंभाजीच्या डाव्या अंगाने चालू लागला.