कडोदऱ्याचं दुसरं मशीन

शुक्रवारी सकाळी मी डबा भरत होते आणि आप्पा दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. माय आदल्या दिवशी अमळनेरला गेली होती, भाईदास मामाच्या मुलाच्या लग्नाला. त्यामुळे भाकरी माझ्या हातच्या होत्या, कडा फाटलेल्या. आप्पा त्याबद्दल काही बोलले नाहीत. ते काही बोलत नसत तेव्हा समजून घ्यायचं.

"रविवारलेबी जाशी का कामले?" त्यांनी विचारलं.

रविवारी चाचणी होती. मी सुरतेतल्या ज्या साड्यांच्या मिलचे कॉम्प्युटर सांभाळते, तिथे आलेली-गेलेली प्रत्येक ईमेल एका वेगळ्या सर्व्हरवर जपून ठेवतात. कोलकात्याचा व्यापारी सहा महिन्यांनी म्हणतो, हा रंग मी मंजूर केलाच नव्हता. मग शेठ त्याचीच जुनी ईमेल काढून त्याच्यापुढे ठेवतात. गेल्या वर्षी तो सर्व्हर दोन दिवस बंद होता आणि नेमका तेव्हाच असा एक वाद हातचा गेला. तेव्हापासून शेठना क्लस्टर हवं होतं: एक मशीन पर्वत पाटियाच्या ऑफिसात, दुसरं कडोदऱ्याच्या मिलमध्ये, दोघांकडे तंतोतंत तीच प्रत. पहिलं पडलं तर दुसऱ्याने मिनिटाभरात कारभार घ्यायचा. चलथाणच्या गोदामात तिसरं एक छोटं मशीन. ते काहीच जपत नाही. दोघांमधली लाइन तुटली तर काम कुणी चालू ठेवायचं एवढंच ते ठरवतं, नाहीतर दोघंही स्वतःलाच मालक समजून बसतात.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. बत्तीस वर्षं लूमच्या कारखान्यात मास्तर होते ते. यंत्राची गोष्ट त्यांना अर्ध्यावर सोडून चालत नसे.

"म्हणजे भाऊबंदकीमा पंच," ते म्हणाले.

"तसंच."

"आन एक बंद पडनं तं दुसरं आपसूक चाली. मंग तू कसाले जास?"

मी हसले. त्यांनी पेपरची घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि त्याच आवाजात सांगितलं, की तीन आठवड्यांपासून जिना चढताना दम लागतो. काल तर डावा हात खांद्यापासून भरून आला होता.

"मायला माहीत आहे?"

"तिले सांगू नको. लगीन सोडीसन यी ती."

तेव्हा मला कळलं की ते अमळनेरला का गेले नाहीत. मायची समजूत वेगळी होती. भाईदास मामा आणि आप्पा यांच्यात घराच्या बांधकामावरून जुनी कुरबूर होती. लग्नाला यायला आप्पांनी नाही म्हटलं ते त्याच रागाने, असं तिने धरलं. दोन दिवस दोघांत अबोला होता. गुरुवारी ती पिशवी उचलून निघाली तेव्हा 'येते' म्हणाली ते मला, त्यांना नाही.

मी डब्याचं झाकण हातात धरून उभी होते. आत्ताच जाऊ, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "रविवारची चाचणी उरकली की सोमवारी सकाळीच डॉक्टरकडे जाऊ."

"सोमवार चाली," ते म्हणाले.

मला हलकं वाटलं. इथे दुसरा एखादा शब्द वापरता आला असता, पण वाटलं ते हलकंच. चाचणी पुढे ढकलावी लागणार नव्हती.

संध्याकाळी मी आले तेव्हा त्यांनी खिचडी टाकून ठेवली होती. आम्ही जेवलो. त्यांनी भांडी घासायला घेतली, मी हातातून काढून घेतली. बाकी त्या दिवसात सांगण्यासारखं काही नाही.

शनिवारी पहाटे पाचला त्यांच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ॲम्ब्युलन्स लवकर आली, रस्ते रिकामे होते. डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हा सहा वाजायचे होते. बाहेरच्या बाकावर बसून मला आधी मायला फोन लावायचा होता. फोन हातात घेतला तर पडद्यावर एक सूचना आलेली होती: कडोदऱ्याच्या मशीनशी संपर्क तुटला आहे, प्रत पुढे जात नाही. मी ती वाचली, बोटाने बाजूला सारली आणि मामाच्या घरी फोन लावला. मागे सनईची रेकॉर्ड वाजत होती. मांडव उतरायचा होता अजून.

पुढचे तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मी चहा केला, सतरंज्या घातल्या, उचलल्या. चुलतभाऊ लखनने बाकी सगळं पाहिलं. माय भिंतीला टेकून बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला आप्पांबद्दल तेच सांगायची. त्या मन्हावर रागे भरेल व्हतात. म्हणीसन माले काहीच सांगं नही. मी लगीनमा नाचत व्हतू आन त्या आठे एकला.

ती नाचली नव्हती. तिला नाचता येत नाही. पण रोज सांगताना त्यात थोडी थोडी भर पडत होती, आणि प्रत्येक भर तिच्याच विरुद्ध होती.

तिसऱ्या दिवशी तिने मला सर्वांसमोर विचारलं, "तुले तरी काही सांगं व्हतं का त्यास्नी?"

मी मान हलवली. नाही.

शेजारच्या सखुबाई म्हणाल्या, "जानाऱ्यानं ठरवलेलं असतं बाई, कोनालाच कळू देत नाही." सगळ्यांना ते वाक्य आवडलं. मलाही त्याचा आडोसा झाला.

त्यानंतर मामाचे फोन यायचे आणि माय उचलायची नाही. फोन वाजत राहायचा, ती त्याच्याकडे बघत राहायची.

चौदाव्या दिवशी, शुक्रवारी, मी कामावर गेले. शेठ जागेवरून उठून उभे राहिले, तसे ते बँकवाल्यांसाठीही उठत नाहीत. "आव्या बेन? सारुं कर्युं," म्हणाले, आणि त्यांनी पंखा वाढवला. चाचणी आजच करू, असं मीच म्हटलं. घरी बसण्यापेक्षा बरं.

आमची एक पद्धत आहे. चाचणीच्या वेळी दोन्ही ठिकाणी माणूस उभा असतो, फोन चालू असतो, आणि कुठलीही कळ दाबण्याआधी मोठ्याने सांगायचं. समोरच्याने 'ऐकलं' म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. कडोदऱ्याला गजेंद्र होता. मिलची वायरिंग, कॅमेरे, फोन सगळं तोच बघतो. माणूस धुळ्याकडचा, पन्नाशीचा, सुरतेत तीस वर्षं.

"मॅडम, मशीनसमोरच उभाय. पंखा माझ्याकडे फिरवून घेतलाय, तेवढं माफ करा."

"पहिली पायरी. दोन्हीकडच्या प्रती जुळतात का ते बघते आहे."

"ऐकलं."

मी पाहिलं. जुळत नव्हत्या. ऑफिसातलं मशीन आजच्या सकाळपर्यंतच्या ईमेल जपत होतं. कडोदऱ्याचं मशीन तेरा दिवस मागे थांबलेलं होतं. शेवटची नोंद शनिवारची, पहाटे पाच पन्नास. मी दोनदा पाहिलं.

"गजेंद्र, कडोदऱ्याचं मशीन मागे आहे."

"किती मागे?"

"त्या शनिवारपासून."

"दिवा तर हिरवा जळतोय मॅडम. मी रोज येऊन बघत होतो. हिरवा म्हणजे बरंय, असं मी धरलं."

"दिवा विजेचा आहे. प्रतीचा नाही."

कारण सापडायला अर्धा तास लागला आणि ते अगदी किरकोळ निघालं. त्या पहाटे मिलची लाइट झपकली होती. मशीन टिकलं, पण नेटवर्कच्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि जुन्या सेटिंगवर गेला. बाकी सगळं चालू, फक्त या दोन मशीनमधली वाट बंद. गजेंद्रने मी सांगितलं तसं ते दुरुस्त केलं. तेरा दिवसांच्या ईमेल कडोदऱ्याकडे सरकू लागल्या. पडद्यावर टक्के दिसतात: चार, चार, पाच.

शेठ मागे येऊन उभे राहिले होते. "आ वच्चे ऑफिसवाळुं बंद पडत तो?"

"तर कडोदऱ्याच्या मशीनने काम हातात घेतलंच नसतं. प्रत जुनी आहे म्हणून ते नकार देतं. तसंच बसवलंय."

"तो एलार्म ना वाग्यो?"

"वाजला. दर काही तासांनी सूचना जात होती."

"कोने?"

"मला. बसवताना तात्पुरता माझा एकटीचा नंबर घातला होता. तो बदलायचा राहिला."

शेठ क्षणभर त्या टक्क्यांकडे पाहत राहिले. "बे मशीन लीधां, त्रीजुं पण लीधुं," ते म्हणाले, "अने खबर एक ज माणसने?"

त्यात ओरडणं नव्हतं, नवल होतं. मी म्हटलं, "हो. मी ती शनिवारी सकाळीच वाचली होती. कुणाला सांगितलं नाही."

शनिवार कोणता ते त्यांना कळलं. ते वरमले. "ए दिवसनी वात जवा दो, बेन."

"त्या दिवसाचं सोडून देऊ," मी म्हटलं. "पण नंतर बारा दिवस होते. रोज सूचना येत होती. गजेंद्रला एक फोन करायचा होता फक्त."

फोन चालूच होता. गजेंद्र तिकडून म्हणाला, "आता माझाही नंबर घाला मॅडम. माझी झोप तशीही तुमच्या वहिनींच्या घोरण्यानं गेलेलीच आहे."

मी त्याचा नंबर घातला, शेठचा घातला. शेठनी आपला फोन वाजतो का ते दोनदा तपासून घेतलं. त्यापलीकडे कुणी मला काही बोललं नाही. मला वाटत होतं की कुणीतरी बोलावं.

प्रत जुळायला दुपारचे तीन वाजले. मग आम्ही चाचणी केली. मी मोठ्याने सांगितलं, ऑफिसातलं मशीन बंद करते आहे. गजेंद्र म्हणाला, ऐकलं. मी बंद केलं. अठ्ठेचाळीस सेकंदांनी कडोदऱ्याने कारभार घेतला. शेठ तेव्हा गेल्या दिवाळीची एका व्यापाऱ्याची ईमेल शोधत होते. मधे काही झालं हे त्यांना कळलंही नाही. क्लस्टर नीट बसलं की असंच होतं, बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. मी उलटी चाचणीही केली, अहवाल लिहिला, त्यात तेरा दिवसांची खोट कुणामुळे राहिली तेही लिहिलं, आणि सही केली.

घरी पोचले तेव्हा सव्वासात झाले होते. दारात सखुबाईंच्या चपला होत्या. आत माय जमिनीवर बसली होती आणि तिच्यापुढे लग्नातला आहेर उघडा पडला होता: मामाने तिला नेसवलेली मोरपंखी साडी, खण, नारळ. सखुबाई साडीचा काठ हातात धरून अवघडून बसल्या होत्या.

"ठेव गं कलाबाई, भावाची आहे."

"तू लई जाय, नेस. नही तं कोनले देई टाक." मायचा आवाज कोरडा होता. "आज सांगी टाकं मी त्याले. फोन उचला आन सांगी टाकं. मन्हा दारमा यवू नको. मी तुन्हा दारमा आते पाय ठेवाव नही."

"मामाला असं सांगितलंस?" मी विचारलं. पर्स अजून खांद्यालाच होती.

"मंग काय सांगू? त्यान्ह्या लगीनपायी मी गयू. त्यान्ह्याच रागपायी तुन्हा आप्पा संगे उनात नही. मन्हासंगे बोलनं सोडं त्यास्नी, जीव जाई ऱ्हायना तरी सांगं नही माले." ती सखुबाईंकडे वळली. "चाळीस वरीस संसार कया. मरता मरता बायकोले सांगावसं वाटनं नही, इतला राग."

"भाऊ काय करेल त्याला," सखुबाई म्हणाल्या. "सत्तर वर्षांचा माणूस. रडत असंल तिकडं."

"रडू दे."

सत्तरीच्या आसपास असलेली दोन माणसं, एक अमळनेरला आणि एक इथे, यापुढे एकमेकांचा आवाज ऐकणार नव्हती. तिने साडीची घडी उलगडून पुन्हा घातली, फार नीट, देऊन टाकायच्या वस्तूची घालतात तशी. मग सखुबाईंना पटावं म्हणून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ईले इचार. ही तं घरमाच व्हती. ईलेबी सांगं नही त्यास्नी. सांगं का वं?"

सखुबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी खाली बसले, मायच्या समोर, साडीच्या या बाजूला. पाणी पिऊन मग बोलावं असं वाटलं आणि उठले तर बोलणार नाही हेही कळत होतं.

"सांगं व्हतं," मी म्हटलं.

मायने साडी खाली ठेवली.

"माले माहीत व्हतं, माय. शुक्रवारे सकाळे सांगं त्यास्नी. तीन आठोडापासून दम लागे त्यास्ले, हात भरी ये. म्हणीसन त्या अमळनेरले गयात नही. तुन्हावर राग नव्हता. मामावरबी नव्हता. तू लगीन सोडीसन येशी म्हणीसन तुले सांगू नको म्हणनात. आन मी त्यास्ले सांगं, माले रविवारे काम शे, सोमवारले जाऊत."