ओठांतल्या टाचण्या

"टाचण्या गं ओठी, बाई, बोलणं ठेव पोटी," छोट्या मुठीत टाचण्या देताना आई गुणगुणायची. मशीनखाली चिंध्या वेचणाऱ्या लेकीच्या कानात तो आवाज असा काही बसला, की आता तिचे स्वतःचे केस पिकायला लागले, तरी कापड हाती आलं की ओठ आपोआप मिटत. तिला सगळं नाटकघर ताई म्हणायचं.

आज संध्याकाळी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. शिवणघर रंगमंचाच्या बरोब्बर खाली. वर नाचाची तालीम सुरू झाली की टेबलावरचा खडू उड्या मारायचा, आणि मशीनवर बसलेल्या तिच्या भावजयीचा पायही त्याच ठेक्यात पडायचा. झगे, अंगरखे, शेले, सगळे ओळीने टांगून तयार. राहिले होते फक्त पंख. शेवटच्या प्रवेशात नायिका ते उघडणार, आणि नाटकाचा सगळा जीव त्या उघडण्यात. रंगाऱ्याने निळ्यातून हळूहळू केशरीत उतरवलेलं कापड एकच होतं. कात्री चुकली की पंख गेले.

व्यवस्थापक घटकेघटकेला डोकावायचा, "होईल ना, ताई?" टाचण्यांमागून ताई म्हणायची, "हं." त्या 'हं'च्या खुंटीवर त्याने महिनाभरात काय काय अडकवलं होतं! आधी सैनिकांचे अंगरखे, मग नर्तकींचे शेले, आणि कहर म्हणजे हे पंख.

"तुमच्या या 'हं'वर तो एक दिवस पडदासुद्धा शिवून घेईल," भावजय म्हणाली होती. ताई अर्ध्याच ओठाने हसली. उरलेल्या अर्ध्यात टाचण्या होत्या.

लोक आभाळ बघून पावसाचा अंदाज घेतात, तसा भावजय त्या टाचण्या बघून घ्यायची. दोन-चार असल्या की दिवस बरा. ओळ लागली की व्यवस्थापकाची बोलणी बसलेली. हल्ली मात्र ओठांवर कुंपणच असायचं, आणि भावजय चहाचा कप लांबूनच सरकवायची.

आज तिने मशीन थांबवलं ते वेगळ्याच कारणाने. ताई कापायला उभी होती. खडूच्या रेघा मारून झालेल्या, कापड पसरलेलं, टाचायचं काहीच नव्हतं. तरीही तोंडात टाचण्या गच्च. कात्री उचलली जात होती, परत ठेवली जात होती. आणि टेबलाच्या कडेखाली डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं.

भावजय उठली. टाचण्यांची उशी उचलली आणि लेकराच्या तोंडातली बी काढून घ्यावी तशी ताईच्या हनुवटीखाली धरली.

"द्या."

ताईने मान हलवून घड्याळाकडे बोट केलं.

"बघितलंय मी घड्याळ. द्या म्हणते ना."

वर नाच सुरू झाला, खडू उडाला, आणि नेमका दारात व्यवस्थापक. पंख होतील ना, असं त्याने विचारलं, आणि जाता जाता मुकुटांनाही कडा लावायच्या आहेत म्हणून सांगितलं.

तो 'हं'ची वाट बघत राहिला. ताईने एक टाचणी काढून उशीत खोवली. मग दुसरी. एकदम तिला आठवलं, शेजारीण आली की आईसुद्धा अशाच एकेक टाचण्या उशीत परत ठेवायची, आणि मग तिचं मोकळं हसू घरभर व्हायचं. गाणं लक्षात राहिलं, मग तेवढं आपण कसं विसरलो? शेवटची टाचणी निघाली तेव्हा ओठ हलके, परके वाटले. छातीत वरचाच ढोल वाजत होता.

"नाही," ताई म्हणाली. "माझ्या एकटीच्याने नाही होणार. महिनाभर हात थरथरतोय माझा, झोपेतसुद्धा कात्री चालते. मुकुट दुसऱ्या कुणाला तरी सांगा." मग ती भावजयीकडे वळली. "आणि तू गं, बघत काय उभी राहिलीस? घे ती कात्री. मी कापड धरते, कुठे वळायचं ते बोलत राहते."