मोहोर शाबूत होती

मी एक पितळी शिक्का बोलतो आहे. माझे सारे आयुष्य कायद्याच्या माणसांत गेले, त्यामुळे डोळ्यांदेखतचे किती आणि ऐकीव किती, हे आरंभीच वेगळे करून सांगण्याची सवय मला लागली आहे. पुढे येणाऱ्या हकीकतीतील जवळजवळ सर्व भाग मी स्वतः पाहिलेला आहे. एक भाग तेवढा ऐकीव आहे. तो मी अंबूताईंच्या तोंडून ऐकला, एकोणीसशे सदतीसच्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, धारवाडात कामनकट्टीतील त्यांच्या घराच्या ओसरीवर. त्या आपल्या धाकट्या भावाशी बोलत होत्या आणि मी त्या भावाच्या मुठीत होतो. तो भाग त्याच्या जागी येईल.

माझा जन्म हुबळीच्या एका ओताऱ्याच्या मुशीत झाला. माझ्या चेहऱ्यावर 'दक्षिण भाग कायदे-ग्रंथपाल मंडळ' अशी अक्षरे कोरलेली आहेत. ती अर्थातच उलटी आहेत. मी कोण, हे मला लाखेवर उमटल्यावाचून वाचता येत नाही.

हे मंडळ म्हणजे चार गावांच्या वकील मंडळींच्या ग्रंथालयांतील चार ग्रंथपाल: धारवाड, हुबळी, बेळगाव आणि कारवार. धारवाडचे बाळाचार्य हे चिटणीस. उंच, सडपातळ, उपरण्याची घडी दिवसभर न मोडणारे. मला त्यांनीच घडवून घेतले आणि कोटाच्या आतल्या खिशात जागा दिली.

छत्तीस सालच्या पाडव्याला धारवाडच्या वाचनगृहात मंडळाची पहिली वार्षिक सभा भरली आणि पहिल्याच सभेत भांडण लागले. एका वृद्ध वकिलांनी मरणापूर्वी आपल्याकडील जुन्या सदर अदालतीच्या निवाड्यांचा एक दुर्मीळ खंड धारवाडला देऊ केला होता. त्यांनीच तो हुबळीलाही देऊ केला होता. दोन्ही वेळा साक्षीदार होते. वकील वारले आणि खंड टेबलावर राहिला: तपकिरी चामड्याचा, जाडजूड, कण्यावरची सोनेरी अक्षरे पुसट झालेला.

"आमच्याकडे पाठवा," हुबळीचे विठ्ठलराव म्हणाले. गोल चेहऱ्याचे, पान खाणारे गृहस्थ होते ते. "तुम्ही धारवाडकर पुस्तकं वाचता कमी आणि पुसता जास्त."

"आणि तुम्ही ती कापसाच्या गठ्ठ्यांसारखी रचता," बाळाचार्य म्हणाले. "मागल्या खेपेला तुमच्याकडची एक पोथी मी उघडली, तर आत सरकी निघाली."

"निघणारच. आमचे वकील अशिलाच्या वखारीत बसून वाचतात. तुमच्यासारखे सोवळ्यात नव्हे."

हशा पिकला, पण खंडाचा निकाल लागला नाही. अखेर या माणसांनी त्यांनाच सुचेल असा तोडगा काढला. मालकीचा निर्णय पुढल्या पाडव्याच्या सभेत व्हावा. तोपर्यंत खंड पेटीत बंद करून लाखेने मोहोरबंद ठेवावा. पेटी एका गावी राहिली तर त्या गावाचा ताबा सिद्ध होईल, म्हणून ती दर तीन महिन्यांनी पुढच्या गावी हलवावी. ती उघडायची ती भरल्या सभेत, नाहीतर दोन्ही दावेदार ग्रंथपालांच्या समक्ष. हलवताना चिटणीसांनी जातीने जावे आणि मोहोर तपासावी.

म्हणजे ज्यांचा जन्म पुस्तके उघडण्यात गेला, त्यांनी एक पुस्तक वर्षभर न उघडण्याचा ठराव एकमताने संमत केला.

बाळाचार्यांनी मेणबत्तीवर लाख वितळवली. तिचा तांबडा थेंब कुलपावर पडला आणि मी त्यात उतरलो. तो चटका मला अजून आठवतो. मला वाटले, आता आतल्या वस्तूला कसले भय नाही.

आषाढात पेटी हुबळीहून कारवारला निघाली. सर्व्हिस मोटारीच्या टपावर ताडपत्रीखाली तिने घाट उतरला. कारवारच्या स्टँडवर ती खाली घेताना हमालाच्या हातून निसटली आणि तिच्या तळाची फळी चिरली.

बाळाचार्य चिखलात गुडघ्यांवर बसले. मला खिशातून काढून त्यांनी माझा चेहरा लाखेवरच्या छापाशी ताडून पाहिला.

"मोहोर शाबूत आहे," ते म्हणाले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

कारवारच्या सुताराने पेटी न उघडता बाहेरूनच आंब्याची एक फळी तळाला ठोकली. नियमभंग झाला नाही. समुद्रावरचा दमट वारा खोलीत येत होता, भिंतींना ओल आली होती. नव्या फळीला एक गोडसर, कच्चा वास होता. मला तो आवडला नाही. पण मी शिक्का. मला विचारतो कोण?

कारवारहून बेळगाव, बेळगावहून अळणावरमार्गे आगगाडीने धारवाड. प्रत्येक ठिकाणी मला बाहेर काढले जाई, छापाशी लावले जाई, आणि तेच तीन शब्द उच्चारले जात. पेटी कुणी हातात तोलून पाहिली नाही. कुणी तिला नाक लावले नाही.

इथे अंबूताई येतात. बाळाचार्यांची ही थोरली बहीण. लहानपणी आई गेल्यावर त्यांनीच भावाला वाढवले होते. नवऱ्यामागे त्या कामनकट्टीतल्या त्याच्या घरात एकट्या राहत. दोघा दिरांनी ते घर परस्पर विकले आणि घेणाऱ्याने त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला. अंबूताईंचे वकील मुकुंदराव यांच्या हाती एकच आधार होता. विधवेला राहण्याची दुसरी सोय करून दिल्यावाचून घराबाहेर काढता येणार नाही, असा अगदी याच प्रकारच्या विक्रीतील एक जुना निवाडा होता. एका सारसंग्रहात त्याचा दोन ओळींचा उल्लेख सापडला. न्यायाधीश म्हणाले, दोन ओळींवर घर राखता येत नाही, मूळ निवाडा दाखवा. मुकुंदरावांनी मुंबईपर्यंत शोध घेतला. दुसरी प्रत निघाली नाही.

मूळ निवाडा माझ्या मोहोरेखाली होता.

संक्रांतीला अंबूताई वाचनगृहात आल्या. हातात तिळगुळाची वाटी होती. पेटी कोपऱ्यातल्या मेजावर होती.

"बाळू, तिळगूळ घे. आणि ती पेटी उघड."

"अक्का, तसं उघडता येत नाही."

"किल्ली हरवलीस?"

"किल्ली आहे. नियम आहे. हुबळीचे विठ्ठलराव समोर असल्याशिवाय उघडायची नाही."

"मग बोलाव की त्यांना. हुबळी काय काशीला आहे? आगगाडीत बसले की डुलकी लागायच्या आत धारवाड."

विठ्ठलरावांना निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः हजर झाले, घामाघूम.

"काढा पेटी," ते म्हणाले. "मी समोर आहे, तुम्ही समोर आहात. ताईंचं पान काढू, मुकुंदरावांकडून कोर्टात दाखवू, पुन्हा लाख लावू. पाडव्याला भांडायला आपण मोकळेच."

बाळाचार्यांनी मला खिशातून काढले. मला वाटले, आता. त्यांचा हात लाखेपर्यंत गेला आणि थांबला.

"नको," ते म्हणाले.

"का हो?"

"कारवारकर काय म्हणतील? बेळगावकर काय म्हणतील? वर्षभर कुणासाठी उघडली नाही ती चिटणिसानं स्वतःच्या बहिणीसाठी उघडली. उद्या विरुद्ध पक्षाचा वकील भर कोर्टात विचारील, हा खंड मधल्या काळात कुणाच्या हाती होता? मोहोर अखंड असली तर कुणाला तोंड उघडता येणार नाही. भरल्या सभेत उघडू, सगळ्यांसमक्ष. मुकुंदरावांनी पाडव्यानंतरची तारीख मागितली तर मिळेल."

"आचार्य, तुम्ही माणूस आहात की नियमावली?"

"विठ्ठलराव, माझी बहीण आहे ती. म्हणूनच."

त्या क्षणी मला अभिमान वाटला होता, हे मी लपवत नाही.

तारीख मिळाली. फेब्रुवारीत पेटीखाली पिवळट भुकटी दिसू लागली, मैद्यासारखी बारीक. पट्टेवाला मारुती रोज सकाळी ती फडक्याने पुसून घेई आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा तिथेच असे. बाळाचार्य वर छताकडे पाहत. "चुना गळतोय," ते म्हणत. मग मला काढत, छापाशी लावत. अलीकडे ते मला फार वेळा काढू लागले होते.

शिवरात्रीला अंबूताई पुन्हा आल्या, तारखेचे विचारायला. बोलता बोलता त्या एकदम गप्प झाल्या.

"अक्का, काय झालं?"

"सुम्निरु!" त्यांनी कानडीत दटावून भावाला बोटाने गप्प केले आणि पेटीजवळ जाऊन कान लावला. "आत काहीतरी चावतंय."

मीही ऐकले. किर्र... मग थांबणे... मग पुन्हा किर्र. बारीक, सावकाश, जणू कुणाला कसलीच घाई नाही.

"नवी फळी आहे," बाळाचार्य म्हणाले. "उन्हानं तडकते."

"फळी तडकली की एकदा वाजते, बाळू. अशी जेवत नाही." त्यांनी मेजावरची भुकटी बोटावर घेतली. "झाकण घट्ट असलं म्हणून तांदळात टोके होत नाहीत का? उघड."

"आता पाडव्याला कितीसे दिवस राहिले? मोहोर शाबूत आहे, अक्का. हे बघ." त्यांनी मला लाखेशी धरले.

अंबूताईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या भावाकडे पाहत होत्या, ताप आलेल्या लहान मुलाकडे पाहावे तशा. मग पदराला बोट पुसून त्या निघून गेल्या.

तेव्हापासून वाचनगृहात कुणी नसले की बाळाचार्य त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसत. मी मात्र खिशातून ऐकत असे. काही दिवशी आवाज येत नसे. ते दिवस अधिक वाईट वाटत.

पाडव्याला चौघे ग्रंथपाल जमले. मुकुंदराव वकीलही मुद्दाम आले होते. चहा झाला. बाळाचार्यांनी मोहोर सर्वांना दाखवली. प्रत्येकाने वाकून पाहिले आणि मान डोलावली. मग त्यांनी चाकूने लाख फोडली.

झाकण उघडताच एक कोरडा, आंबूस वास आला. खंड होता तिथेच होता. चामडे तसेच, सोनेरी अक्षरे तशीच. विठ्ठलरावांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हलका आहे," ते म्हणाले.

पुठ्ठा उघडला. आत पाने नव्हती असे नाही. पाने होती, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भोकांच्या वाटा गेल्या होत्या आणि पान उलटू गेले की ते हातात भुकटी होऊन उतरत होते. मुकुंदरावांनी निवाड्याचे पान शोधले. समासाची एक पट्टी आणि तिच्यावरचा पृष्ठांक एवढेच त्यांच्या बोटांत राहिले. पुठ्ठ्याच्या घडीतून एक लहानसा तपकिरी भुंगा निघाला, मेजावरून चालत गेला आणि कडेवरून खाली पडला.

"हुबळीनं हक्क सोडला," विठ्ठलराव म्हणाले. एरवी हा टोमणा झाला असता. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचार्य कामनकट्टीला गेले. ते ओसरीवर बसले. मी त्यांच्या मुठीत होतो आणि ती मूठ ते उघडत नव्हते.

"अक्का, संक्रांतीला उघडली असती तर..."

आता तो ऐकीव भाग. अंबूताई निवडायला घेतलेल्या डाळीवरून वर न पाहता म्हणाल्या, "संक्रांतीलाच मी कान लावला होता. तेव्हाच आत कुरतडणं चालू होतं. उघडली असतीस तरी हेच दिसलं असतं. ऊठ, तोंड धू. कॉफी करते."

बाळाचार्य उठले नाहीत. पण त्यांची मूठ सैल झाली आणि मी ओसरीवर पडलो.

दाव्याचा निकाल विरुद्ध गेला. अंबूताई एक ट्रंक आणि तांब्याचा हंडा घेऊन भावाच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. मंडळाची पुढची सभा भरली नाही. मला कुणी परत मागितले नाही. आता चव्वेचाळीस साल आहे. मी स्वयंपाकघरात फळीवर असतो आणि अंबूताई माझ्या बुडाने सुंठ ठेचतात. माझ्या चेहऱ्यावरची अक्षरे झिजत चालली आहेत. त्याचे मला दुःख नाही. एवढीच विनंती आहे की माझ्यानंतर जो शिक्का घडवला जाईल, त्याला कुणी आतल्या वस्तूबद्दल विचारू नये. त्याला ते ठाऊक नसते.

बाळाचार्य अजूनही अधूनमधून संध्याकाळी विचारतात, "अक्का, खरंच संक्रांतीलाच?" आणि त्या दर वेळी म्हणतात, "सांगितलं ना एकदा?"

संक्रांतीच्या त्या भेटीत मी तिथे होतो. अंबूताई दारातून आल्या, वाटी ठेवली, बोलल्या आणि गेल्या. त्या पेटीपाशी वाकल्याचे मला स्मरत नाही. शिवरात्रीला आवाज ऐकताच त्या बोलल्या होत्या, संक्रांतीला तसे काही बोलल्या नव्हत्या. परंतु त्या वेळी मी खिशात होतो, आणि कापडाआडून सगळेच दिसते असे नाही. म्हणून हा भाग मी खरा म्हणत नाही आणि खोटाही म्हणत नाही. त्याची खातरजमा मला कधीच करता आली नाही. बाळाचार्यांनाही आली नाही, आणि ते अजून विचारतात.