थावराचं कूळ

सुखीबाईने पाण्याचा तांब्या सोमला नाईकापुढे असा आदळला की निम्मं पाणी त्याच्या धोतरावर. म्हाताऱ्याने धोतर झटकलं, पण तांब्याला हात लावला नाही.

"तुमी राठोड, आमीबी राठोड," तो म्हणाला. "बहीण-भावाचं लगन लावू काय? बिजली नात हाये माही. चार तांड्यांत तोंड दाखवाचं हाये मले."

"कोण म्हणते आमी राठोड?" सुखीबाई कमरेवर हात ठेवून उभी. बोलायला ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही. "इंग्रजाचा कारकून आला, आमच्या नायकाले नाव इचारलं अन् सारा तांडाच राठोड लिहून गेला. घरोघर फिराचा कंटाळा मेल्याले! आमी पवार आहो. कूळ गाणाऱ्या ढाडीले बोलावलं मी. तो सांगंल ते खरं. मंजूर?"

"मंजूर."

दारात रूपसिंग खाली मान घालून बसला होता. दिग्रसला कापसाच्या जिनिंगात राबणारा तिचा एकुलता एक पोरगा. बाप गेल्यापासून त्याने आईकडे साधा सदरा मागितला नव्हता. जन्मात एकदाच त्याने काही मागितलं होतं, ते म्हणजे बिजली. आणि सुखीबाई ते मिळवून देणार होती, मग काय वाट्टेल ते होवो.

मोती ढाडी मांडी घालून बसला. तांड्यातांड्यातल्या घराघराच्या पिढ्या त्याच्या जिभेवर. डोळे मिटून त्याने पवारांचं कूळ गायला सुरुवात केली. बापामागून लेक, लेकामागून नातू, एकेक नाव येत गेलं. सुखीबाई प्रत्येक नावाला सोमलाकडे बघायची. पण थावराचं नाव आलं तसा ढाडीचा आवाज थांबला. थावरा म्हणजे तिचा सासरा.

"याडी, माय, जरा मांगं ये," ढाडी उठत सुखीबाईला म्हणाला.

घरामागे कुडाच्या आडोशाला त्याने आवाज खाली आणला.

"मोठ्या दुष्काळात दारव्ह्याच्या वाटेवर भेटलं होतं हे लेकरू, थावरा. मेलेल्या मायजवळ बसून होतं. पवारानं भाकर देली, आपलं म्हणून वाढवलं. कोणाचं, कोण्या जातीचं, कोणालेच ठाव नाही. माह्या बापानं मले सांगतलं अन् म्हणला, पवारात जोडून टाकजो. आताबी जोडतो. तू फक्त हाव म्हण."

सुखीबाईने एक 'हाव' म्हटलं की काम फत्ते होतं. पण ज्या सासऱ्याचे पाय तिने शेवटपर्यंत चेपले, जो तिला पोटच्या पोरीहून जास्त जपायचा, त्याला आता चोरीच्या मालासारखं लपवायचं? तिला भयंकर राग आला. कुणाचा ते तिचं तिलाही कळेना.

ती तरातरा पुढे आली आणि सगळ्यांसमोर सगळं सांगून मोकळी झाली. दुष्काळ, मेलेली माय, पवाराची भाकर, काही म्हणून लपवून ठेवलं नाही.

"आता मोडाचं असंल तर खुशाल मोडा," ती म्हणाली. मान ताठ. "पण राठोड म्हणून मोडू नोका. अन् सासरा माहा पवारच होता, ते मी मरेपर्यंत म्हणीन."

रूपसिंग उठून आईच्या मागे येऊन उभा राहिला. सोमला नाईक विझलेली बिडी ओढत बसला होता.

ढाडीने घसा साफ केला आणि रिवाजाप्रमाणे पोरीवाल्यांकडे वळला.

"नाईक, आता तुमचं कूळ म्हणतो. पार वरपासून."

सोमलाने झटकन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "आमचं नोको म्हणू."

मग त्याने तांब्या उचलला, उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि सुखीबाईकडे न बघताच विचारलं,

"हळद कवा लावता?"