महागूच्या फळीवरची कुपी

मी औषधाची एक जुनी, मान मोडलेली काचेची कुपी आहे. माझ्याकडे मायेने बघू नका, मित्रांनो. मलाही तुम्हा माणसांबद्दल फारशी माया उरलेली नाही.

दूरच्या एका कारखान्यात माझ्या पोटात दम्याचं औषध भरलं गेलं. आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करणं हे माझं काम. आम्ही दहा बहिणी एका खोक्यात होतो आणि सोबत घडी घातलेला एक कागद होता. शिरेतून देताना अगदी सावकाश द्या, नाडी बघत राहा, रोगी याच औषधाच्या गोळ्या घेतो का ते आधी विचारा, असं त्यावर छापलं होतं. रामपायलीच्या महागूने खोकं उघडलं आणि सगळ्यात आधी तो कागद चुरगाळून फेकला. तेव्हापासून माझं त्याच्याशी वाकडं आहे.

महागू काही डॉक्टर नव्हे. कधीकाळी एका डॉक्टरांकडे पट्ट्या बांधायचा, एवढीच त्याची विद्या. पण गावात त्याचा दबदबा, कारण त्याची सुई एका दमात रिकामी होते. सावकाश सुई देणारा डॉक्टर इथे कच्चा समजला जातो. औषध आमचं आणि वाहवा महागूच्या अंगठ्याची!

शेवंताबाई राइस मिलमध्ये कोंडा झाडायची. एका सकाळी तिला दम लागला म्हणून महागूने माझी एक बहीण तिच्या शिरेत रिकामी केली. उतार पडला नाही, तेव्हा दुपारी सून दीपिका तिला पुन्हा घेऊन आली.

"एक अजून लावून देतो," असं म्हणून महागूने माझी मान मोडली.

"मामंजीले बी सुईनंतरच जास्त झालं होतं, तसं नको व्हायले," दीपिका म्हणाली. "आत्याबाईच्या बालाघाटच्या डॉक्टरच्या दम्याच्या गोळ्या चालू हायेत, रोज दोन..."

सासूने तिला चिमटा काढला. दुसऱ्याचं औषध खातो म्हटलं की महागू रागावतो, आणि गावच्या माणसाला नाराज करायचं नाही, ही इथली रीत. "काही नाही खात, बाप्पा," शेवंताबाई धापा टाकत म्हणाली. "लाव तू."

मला ओरडता येत नाही. महागूचा अंगठा दाबला गेला. अर्धं औषध गेलं असेल नसेल, शेवंताबाईची छाती धडधडू लागली, हात थरथरले, ओकारी झाली आणि डोळे फिरून तिला झटका आला. दीपिकाने महागूचा हात हिसडला. "औषधात ताकद हाये, असं होतेच," तो म्हणत राहिला. तिने मला मुठीत धरलं आणि सासूला ऑटोत घालून वारासिवनीच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्स आम्रपालीसमोर दीपिकाने मला आणि गोळ्यांचं पाकीट ठेवलं, सकाळच्या सुईचंही सांगितलं. दोन्हींवरची नावं वाचून आम्रपाली म्हणाली, "एकच औषध हाये हे. गोळ्या आन् वरून दोन सुया, तीन-तीनदा गेलं आंगात. काहून नाही सांगितलं कोणी?" दीपिका रडू लागली. त्या दिवशी तोंड उघडलं होतं ते तिनेच, आणि रडावंही तिलाच लागलं. याचा मला अजून संताप येतो.

दोन दिवस झगडून शेवंताबाई वाचली. तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "दीपिका, महागूले नको सांगू मी गोळ्या खातो म्हणून. राग येईन त्याले."

आता मी आम्रपालीच्या टेबलावर असते. दम लागलेला माणूस आला की ती मला दाखवून विचारते, कोणत्या गोळ्या घेता, कुठे सुई घेतली, कधी घेतली. बरेच जण माझ्याकडे बघतात आणि "काहीच नाही" म्हणतात.

मित्रांनो, निदान तुम्ही तरी खरं सांगा. कोणी चिमटा काढला तरी सांगा. न विचारता, घाईने सुई टोचणाऱ्याचा हात धरा.

खोक्यातल्या आम्ही दोघी संपलो. आठ बहिणी अजून महागूच्या फळीवर आहेत. शेवंताबाई परवाच रामपायलीला परत गेली.